किती हात मारलेत?

अमूर्त चित्रासमोर मराठी माणूस उभा राहिला, की दोन मिनिटांत त्याला गणपती सापडतो. काळ्या घोड्याजवळच्या एका दालनात वासुदेव गायतोंड्यांच्या चित्रात आमच्या आत्याला तो डावीकडे, जरा खाली सापडला. "सोंड बघ की!" मला सोंड दिसेना, तर तिला माझ्या नास्तिकपणाची शंका आली.

सासरे अप्पा बांधकाम खात्यातून निवृत्त. त्यांनी चित्रातला पिवळट करडा रंग पाहिला, मग छताकडे पाहिलं. "वरच्या मजल्यावर बाथरूम आहे का?"

मी वाचून आलो होतो. सांगितलं, की १९४८ साली जे.जे.तून बाहेर पडलेला हा चित्रकार आधी माणसंही रंगवायचा. पुढे त्याने आकार सोडले, चित्रांना नावं देणंही सोडलं. तेव्हा सोंड असणं शक्य नाही.

"तो न बोलावता येतो," आत्या म्हणाली.

"पण वरची बाजू कोणती, हे कसं कळतं?" अप्पांनी विचारलं. प्रश्न चोख होता. चित्रकार मोंद्रियानचं चिकटपट्ट्यांचं एक चित्र पाऊणशे वर्षं उलटं टांगलं गेलं असावं, हे जर्मनीतल्या एका संग्रहालयाच्या लक्षात आलं २०२२ साली. सुलटं करायला गेलं तर जुन्या पट्ट्या निखळतील, म्हणून ते तसंच ठेवलं. अप्पांना हा निर्णय थेट आपल्या खात्यातला वाटला.

मग मी म्हणालो, गायतोंडे ब्रशऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ वापरत. अप्पा एकदम चित्राला भिडले. रखवालदाराने त्यांना रेषेमागे घेतलं.

"किती हात मारलेत? खालचा हात वरून दिसतोय. घासून काढलाय मधे."

पुस्तकांत मी 'पारदर्शक थरांतून झिरपणारा प्रकाश' वगैरे वाचलं होतं. त्याचा अर्थ तेव्हा कुठे डोळ्यांना कळला. रंग वर लावलेला नव्हता, आतून येत होता. अप्पा अर्धा तास हलले नाहीत. २०१३ साली गायतोंड्यांचं एक चित्र मुंबईत २३.७ कोटींना गेलं, हे ऐकून एवढंच म्हणाले, "स्क्वेअर फुटाला काय पडला?"

पुढच्या आठवड्यात घर रंगवायला माणूस आला. हॉलच्या भिंतीला खालचा हात वरून दिसला पाहिजे, पण ओल वाटता कामा नये, असं अप्पांनी त्याला समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"होईल, काका. पण त्याचा रेट वेगळा."