अकरा जणांचा एकांत

अमेरिकेत एकांत भाड्याने मिळतो. रात्रीच्या हिशेबाने मिळतो, साफसफाईचे पैसे वेगळे, आणि तो जितका दाट हवा तितका दर चढा. आपल्याकडे घरातली मंडळी लग्नाला गेली आणि आपण ताप आला म्हणून मागे राहिलो, तर तो फुकटात पदरात पडतो. म्हणून जावयांनी लॅपटॉपवर टेनेसीचे डोंगर, गर्द झाडी आणि त्यात एकटीच उभी असलेली लाकडी केबिन दाखवली, तेव्हा आमच्या हिने पहिला प्रश्न विचारला, "जवळपास कोणी राहत नाही?"

"कोणीच नाही," जावई अभिमानाने म्हणाले.

"मग साखर संपली तर?"

साखरेपेक्षा भाड्याचा प्रश्न मोठा होता. केबिनमध्ये बारा माणसं झोपू शकतात, असं जाहिरातीत म्हटलं होतं. बारा जणांनी एकाच वेळी एकांत कसा घ्यायचा, याचा खुलासा नव्हता. जावयांनी ऑफिसातल्या मित्राला, त्याच्या बायकोला आणि दोन मुलींना सामील करून घेतलं. लेक, जावई, नातू हे तीन. आम्ही दोघं. शिवाय नातवाची सुट्टी साधून सांगलीहून आलेले आमचे व्याही आणि विहीणबाई. झाले अकरा. भागाकार केल्यावर एकांत माणशी फारच स्वस्त पडला आणि लगोलग बुक झाला.

व्याह्यांशी आमचे संबंध उत्तम आहेत. ते उत्तम राहण्यात ठाणे ते सांगली या अंतराचा वाटा मोठा आहे. लग्नात, बारशात, दिवाळीच्या फोनवर "अहो, तुम्ही आधी", "छे छे, तुम्ही आधी" एवढ्यावर आमचं भागत आलेलं. एका छपराखाली, एकाच न्हाणीघराच्या दारात टॉवेल घेऊन "तुम्ही आधी" म्हणण्याचा प्रसंग अजून आला नव्हता.

लेक-जावयांच्या अटलांटाहून उत्तरेला चारेक तासांचा रस्ता, ग्रेट स्मोकी डोंगरांपर्यंत. ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्क हे टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना यांच्या सीमेवर पसरलेलं राष्ट्रीय उद्यान. १९३४ साली स्थापन झालं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांपैकी सगळ्यात जास्त माणसं इथेच येतात, वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, हे त्याचं एक कारण असावं. गाडी उभी करायला मात्र २०२३ पासून दिवसाला पाच डॉलर पडतात. म्हणजे माणूस फुकट, गाडीला भाडं. व्याह्यांना हे धोरण आवडलं.

उद्यानाकडे जाताना पिजन फोर्ज नावाचं गाव लागतं. गाव कसलं, एक लांबलचक रस्ता आणि दुतर्फा जत्रा. गायिका डॉली पार्टन याच सेव्हिअर काउंटीतल्या. १९८६ पासून त्यांच्या नावाचं डॉलीवूड हे करमणूक-उद्यान इथे आहे. एक भलीमोठी इमारत छप्पर जमिनीला टेकवून उलटी उभी आहे. पुढे समुद्राचा पत्ता नसलेल्या त्या गावात रस्त्याच्या कडेला टायटॅनिक उभी. आत संग्रहालय आहे, बाहेर हिमनगसुद्धा आहे. व्याही सार्वजनिक बांधकाम खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. ते खिडकीतून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "याला परवानगी कोणत्या कलमाखाली दिली असेल?"

गाव संपलं, डोंगर सुरू झाला आणि मोबाइलची रेंज गेली. इथून पुढे मालकांनी पाठवलेला छापील कागद: 'दुसऱ्या पुलानंतर डावीकडे, टपालपेट्यांच्या रांगेनंतर उजवीकडे, आणि घाबरू नका.' शेवटची सूचना का दिली होती, ते खडीचा रस्ता लागल्यावर कळलं. गाडीचं नाक आभाळाकडे. विहीणबाईंनी रामरक्षा सुरू केली. व्याह्यांनी चढ नजरेने मोजला. "एकास सहा! आम्ही घाटात एकास वीस धरतो. हे बिल मी पास केलं नसतं." बिल पास झालेलं होतं, आम्ही त्याच्यावरच होतो.

केबिन मात्र फोटोतल्यासारखीच निघाली, हे कबूल करायला हवं. पुढे लांब लाकडी सज्जा, त्यावर झुलत्या खुर्च्या, खाली दरी, आणि दरीपलीकडे एकामागे एक निळसर डोंगर. तो निळा धूर प्रदूषणाचा नाही. झाडंच जी वाफ सोडतात तिच्यामुळे हवेला तो रंग येतो. चेरोकी लोकांनी या मुलखाला निळ्या धुराचा प्रदेश म्हटलं ते त्यामुळेच. आत शिरलात की अस्वलं. दारात लाकडी अस्वल पाटी धरून स्वागताला, दिव्याखाली अस्वल, उशीवर अस्वल, टॉवेलवर अस्वल, आणि संडासात कागदाची गुंडाळी पोटाशी धरून बसलेलं एक अत्यंत गंभीर अस्वल. विहीणबाईंनी त्याच्यावर नॅपकिन टाकला. बघतंय म्हणाल्या.

व्याह्यांनी बोटाच्या पेराने भिंत वाजवली. "ओंडके नाहीत हे. आत साधा सांगाडा, वरून गोल फळ्या मारल्यात." त्यांच्या चेहऱ्यावर प्रवासात पहिल्यांदाच समाधान दिसलं.

खरा घोळ झाला तो खोल्यांचा. बंद होणाऱ्या दाराच्या खोल्या तीन. चौथी म्हणून जी दाखवली होती तो उघडा माळा; त्याला कठडा होता, भिंत नव्हती. "तुम्ही आधी"ची एक मोठी फेरी झाली. बायकांना गुडघ्यांमुळे खालची खोली मिळाली आणि माळ्यावर मी आणि व्याही, शेजारी शेजारी. लाकडी घरात गुपित राहत नाही. वर कूस बदलली की खालच्याला कळतं, खाली कुजबुज झाली की वरच्याला कळते. पहिल्या रात्री आमची ही हळूच म्हणाली, "विहीणबाई, यांच्या घोरण्याने तुमच्याकडच्यांची झोपमोड होणार बघा." माळ्यावरून व्याही म्हणाले, "नाही, अजून सुरू झालेलं नाही."

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराने कामाला सुरुवात केली. ठाण्याहून आणलेली भाजणी, सांगलीची हळद आणि अटलांटाच्या इंडियन स्टोअरमधली तूरडाळ ओट्यावर मांडली गेली. आमटीत गूळ किती, यावर दोन्ही पक्षांनी अत्यंत आदराने मतभेद व्यक्त केले. मग विहीणबाईंनी लाल मिरच्यांची फोडणी दिली आणि छतातला स्मोक अलार्म असा काही किंचाळला की नातू टेबलाखाली गेला. जावई खुर्चीवर चढून पंचाने वारा घालताहेत, मी दारं उघडतोय, सगळे खोकताहेत, आणि एवढ्यात खालच्या ऑफिसातून मालकीणबाई आपली छोटी चारचाकी घेऊन वर हजर.

सत्तरीच्या पुढच्या बाई. हे कुटुंबच सगळ्या केबिन चालवतं: मुलगा डागडुजी बघतो, सून चादरी, नात हिशेब. बाईंनी ओट्यावरचा पंखा लावला, कढईत डोकावल्या, खोकल्या. आता आमटीची वाटी मागणार, असं आमच्या हिला वाटलं. तिने वाटी पुढेही केली. बाई म्हणाल्या, "नको. वास मला खाली ऑफिसात आलाय. आणि अस्वलाचं नाक माझ्यापेक्षा पुष्कळ बरं आहे." एवढं बोलून गेल्या.

अलार्मची मी थट्टा केली खरी, पण बाई धावत का आल्या, ते नंतर जावयांनी सांगितलं. २०१६च्या नोव्हेंबरात या डोंगरांतून वणवा वादळी वाऱ्याबरोबर गॅटलिनबर्ग गावात उतरला. चौदा माणसं गेली, दोन हजारांहून जास्त घरं-इमारतींचं नुकसान झालं. अशा कितीतरी केबिन त्यात होत्या. हे ऐकल्यापासून विहीणबाई फोडणी झाकण ठेवूनच देत होत्या.

बाकी सूचनांची एक वहीच टेबलावर होती, आणि तिच्यातली निम्मी पानं अस्वलांची. कचरा लोखंडी पिंजऱ्यातच टाका आणि कडी नीट लावा. सज्ज्यावर खाणं ठेवू नका. गाडीत तर बिलकुल नको, आणि गाडी कुलूप लावूनच ठेवा, कारण इथल्या अस्वलांना दाराची मूठ ओढून गाडी उघडता येते. उद्यानात अस्वलापासून दीडशे फुटांच्या आत जाणं हा गुन्हा. अस्वल आपल्या दीडशे फुटांच्या आत आलं तर मागे सरकावं, पळू नये. "आणि त्याने ऐकलं नाही तर?" आमच्या हिने विचारलं. वहीत ते पान होतं, पण जावयांनी उलटलं.

इथली काळी अस्वलं एकोणीसशेच्या आसपास आहेत, असा उद्यानाचा अंदाज. मी माळ्यावर पडल्या पडल्या भागाकार केला. दर अस्वलामागे वर्षाला सहा हजारांहून जास्त पर्यटक. एकांत मिळत नाही म्हणून कोणाची तक्रार पहिली नोंदवून घ्यायला हवी, ते उघड आहे.

सज्ज्याच्या टोकाला गरम पाण्याचा हौद होता, त्याला हॉट टब म्हणतात. भाड्यातला मोठा हिस्सा त्याचा. चित्रात त्यात एक तरुण जोडपं बसलेलं. आमच्याकडे व्याही-विहीण-व्याही-विहीण असा संच. त्यातलं कोणी कोणापुढे त्या पोशाखात जाईल, ही शक्यताच नव्हती. व्याह्यांनी आकडा वाचला: १०४ फॅरनहाइट, म्हणजे चाळीस सेल्सिअस. "आमच्या बंबातलं याहून कढत असतं," म्हणाले आणि विषय संपवला. शेवटी दोघी विहिणी साड्या पोटरीपर्यंत वर घेऊन काठावर बसल्या, पाय पाण्यात सोडले, मांडीवर परात घेतली आणि रात्रीच्या भाजीचा लसूण सोलायला लागल्या. सालं बुडबुड्यांवर नाचत होती, समोर निळे डोंगर, आणि दोघी मिळून ठाण्यातल्या आणि सांगलीतल्या सुनांचा आढावा घेत होत्या. आमची लेक दाराआडून सगळं ऐकत होती. पाणी ढवळण्याचं जे यंत्र असतं त्याच्या जाळीत सालं अडकू नयेत म्हणून जावई गाळणं घेऊन उभे होते.

ज्यांनी हा एकांत खरेदी केला त्या तरुण मंडळींच्या वाट्याला त्यातलं काय आलं, ही शंका मला तेव्हा आली. उत्तर तिसऱ्या प्रहरी मिळालं. साखर संपली. लेक आणि जावई म्हणाले, आम्ही आणतो. खाली गावात जाऊन यायला पाऊण तास पुरतो. दोघं अडीच तासांनी आले, साखर घेऊन, आणि फार खुशीत. आमच्या हिने काही विचारलं नाही. संध्याकाळी मित्र आणि त्याची बायको म्हणाले, दूध संपत आलंय.

फिरणंही झालं. कुवोही हे इथलं सर्वांत उंच शिखर, ६,६४३ फूट. आपल्या कळसूबाईपेक्षा बाराशे फुटांनी जास्त. गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते, मग अर्धा मैल खडा चढ आणि १९५९ सालचा निरीक्षण-मनोरा. या शिखराला पूर्वी क्लिंगमन्स डोम म्हणत. २०२४ मध्ये चेरोकींचं जुनं नाव परत दिलं. वर ढग होते. ढग पाहिले, उतरलो.

केड्स कोव्हचा फेरा मात्र चुकवू नका. अकरा मैलांची एकदिशा वाट, पुढची गाडी थांबली की मागच्या सगळ्या थांबल्या. वाटेत जॉन ऑलिव्हर यांची १८२०च्या दशकातली केबिन आहे. एक खोली, वर माळा, ओंडके खरे, फटीत माती लिंपलेली. व्याह्यांनी पेराने वाजवली आणि मान डोलावली. त्या एका खोलीत ऑलिव्हरांचं सगळं लेकुरवाळं कुटुंब राहत होतं. त्या दऱ्याखोऱ्यांत पिढ्यान् पिढ्या अशीच माणसं होती. उद्यान करायचं ठरल्यावर सरकारने जमिनी घेतल्या आणि बहुतेकांना उठवलं. आधी राहणाऱ्यांना हलवायचं आणि मग एकांत बघायला सव्वा कोटी माणसं आणायची, हा हिशेब मला पटलेला नाही.

त्या अकरा मैलांत आम्हाला अस्वल काही दिसलं नाही. दिसलं ते व्याह्यांना, शेवटच्या रात्री, केबिनवरच. पहाटे ते पाणी प्यायला उतरले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांनी पाहिलं. कोणाला उठवलं नाही. घाबरवायचं कशाला, म्हणाले. सकाळी त्यांनी चहाबरोबर अहवाल दिला: "काळं. वजन सव्वाशे किलो धरा. पूर्वेकडून आलं, तुमच्या गाडीची पाहणी केली, दक्षिणेकडे गेलं." फोटो नाही, साक्षीदार नाही. मित्राच्या मुली हसल्या, आमची ही तोंडाला पदर लावून बसली.

मग सगळे बाहेर गेलो. गाडीच्या मागच्या काचेवर ओल्या नाकाचा गोल ठसा होता, आणि त्याखाली दाराच्या मुठीपासून पत्र्यावर उतरत गेलेले मातीचे पाच ओरखडे, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. आत सीटखाली भाकरवडीचा अर्धा पुडा. तो कोणाचा, यावर अकराही जण गप्प. व्याह्यांनी ओरखड्यांवर आपला पंजा ठेवून पाहिला. पंजा पुरला नाही, ओरखडे उरले.

तुम्ही गेलात तर ऑक्टोबर टाळा. पानांचे रंग बघायला गर्दी लोटते आणि दर चढतात. गाडीला कुलूप लावा, आत खाण्याचा कण ठेवू नका. आणि व्याह्यांना बरोबर नेणार असाल, तर बुक करण्याआधी मालकांना एवढंच विचारा, माळ्याला भिंत आहे का.