किरकोळ रजेवरचा स्टेशनमास्तर

कामाला दांडी मारणाऱ्याबद्दल आपली समजूत साधी असते: त्याला काम नको असते. मॅच बघायला घरी राहणारा, पहिल्या पावसाला लोणावळ्याकडे गाडी वळवणारा, आजीला तिसऱ्यांदा मारून दोन दिवस गावी जाऊन येणारा, हे सगळे या समजुतीत नीट बसतात. बसत नाही तो एकच. इंग्लंडात तो पोटमाळ्यावर किंवा परसातल्या शेडमध्ये सापडतो, अमेरिकेत आणि जर्मनीत तळघरात. पुण्याच्या फ्लॅटला तळघर नसते, म्हणून तिथे त्याचा संसार दिवाणाखाली असतो. सकाळी घसा बसल्याच्या आवाजात तो साहेबांना फोन करतो आणि कार्यालय उघडायच्या आत एका भल्यामोठ्या टेबलाखाली उताणा पडून, दातात बॅटरी धरून, सोल्डरिंग सुरू करतो. दुपारचे जेवण विसरतो. रात्री पाठ धरलेली असते, बोट भाजलेले असते आणि काम मनासारखे झालेले नसते. रेल्वेची हुबेहूब छोटी प्रतिकृती उभारून ती चालवणारा हा माणूस. तिला 'खेळण्यातली गाडी' असे त्याच्या देखत म्हणू नये. म्हणायचेच असेल तर दोन तासांची सवड काढून म्हणावे. माझे म्हणणे असे की, याला कामचुकार म्हणणाऱ्यांनी त्याला चुकीच्या खणात टाकले आहे. तो एका कामावरून निसटतो तो थेट दुसऱ्या कामावर रुजू होतो, आणि ते दुसरे काम पहिल्यापेक्षा कितीतरी कडक असते. पगार मात्र उलटा, म्हणजे त्याच्याच खिशातून जातो.

पुरावा भरपूर आहे. रूळ टाकून झालेला रेल्वेवाला गाडी नुसती गोल गोल फिरवत नाही. ते पाहुण्यांच्या मुलांसाठी. अमेरिकेत तो चार मित्रांना बोलावून 'ऑपरेटिंग सेशन' भरवतो. प्रत्येक वाघिणीचे एक कार्ड असते आणि त्या कार्डात मालाची पावती खोचलेली असते: ही वाघीण कोणत्या कारखान्याच्या सायडिंगला लावायची, तिथून काय भरून कुठे न्यायचे, रिकामी कुठे परत करायची. डिस्पॅचर वेगळ्या खोलीत बसतो. त्याला एकही गाडी दिसत नाही, तो फक्त फोनवर हुकूम देतो आणि तक्त्यावर खुणा करतो. भिंतीवर मुद्दाम जलद चालणारे घड्याळ असते, चारपट किंवा सहापट वेगाचे. सहापट वेगाने चार तासांत पुरे चोवीस तास उलटतात. म्हणजे दहा ते सहाची एक पाळी नको म्हणून घरी राहिलेला हा गृहस्थ एका बैठकीत तीन पाळ्या करून उठतो. त्यात मालगाडी उशिरा आली तर तो डिस्पॅचरची क्षमा मागतो. कार्यालयात त्याला क्षमा मागताना कोणी पाहिलेले नसते.

कोणाला वाटेल, ही चार वेड्यांची हौस असेल. तसे नाही, याला रीतसर खाते आहे. अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेली 'नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन' रुळांची आणि चाकांची मापे ठरवून देते, आणि शिवाय प्रमाणपत्रेही देते. अकरा प्रकार आहेत: इंजिने, डबे, इमारती, देखावा, वीजजोडणी, असे. त्यांतले सात मिळवले की 'मास्टर मॉडेल रेलरोडर' ही पदवी. त्यांतल्या 'चीफ डिस्पॅचर' प्रमाणपत्रासाठी निदान पन्नास तास प्रत्यक्ष गाड्या चालवण्याचे काम केल्याची नोंद दाखवावी लागते, आणि तीही वेगवेगळ्या हुद्द्यांवर विभागून. नोकरीत ज्याच्याकडून कामाच्या तासांचा तक्ता तीन स्मरणपत्रांशिवाय येत नाही, तो इथे आपले तास कोणी न मागता टिपून ठेवतो.

काटेकोरपणाबद्दल तर बोलायलाच नको. सर्वांत चलती असलेल्या एचओ मापात सगळे मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशी पट लहान असते आणि रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर. इंग्रजांची खरी इंजिने अंगाने लहान. छंदाच्या सुरुवातीच्या काळातल्या विजेच्या मोटरी एवढ्या लहान अंगात मावेनात. म्हणून त्यांनी इंजिन जरा मोठे केले, एक फुटाला चार मिलिमीटर या हिशेबाने, आणि रूळ तेच ठेवले. या हिशेबाने रुळांतले अंतर खरे तर १८.८३ मिलिमीटर हवे. फरक २.३३ मिलिमीटरचा. एवढ्या फटीत एका देशाचे तीन पंथ मावले आहेत: १६.५ वर समाधान मानणारे, १८.२ पर्यंत गेलेले आणि १८.८३ पेक्षा कमी काही मान्य नसलेले. पुढच्या दोन्ही पंथांच्या आपापल्या संस्था आहेत. तिघांत रोटीव्यवहार आहे, बेटीव्यवहार नाही. भारतीय रेल्वेची प्रतिकृती करणाऱ्याचे दुखणे याहून मोठे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, त्याचा सत्त्याऐंशीवा भाग एकोणीसच्या वर जातो. बाजारात तयार रूळ मिळतो तो साडेसोळाचा. त्यामुळे डेक्कन क्वीन अंगाने बरोबर आणि पायांत अरुंद होते, आणि ज्याला हे एकदा दिसले त्याला पुन्हा झोप लागत नाही. मग तो स्वतः रूळ ओढतो, पट्टी लावून एकेक स्लीपर चिकटवतो, चमच्याने खडी पसरतो आणि पातळ केलेला पांढरा डिंक ड्रॉपरने थेंबथेंब सोडतो. नव्याकोऱ्या वाघिणीवर गंज चढवण्यात त्याचे दोन रविवार जातात. घरातल्या पंख्यावरची धूळ पुसायला तो तयार नसतो. पण वाघिणीवरची धूळ दख्खनची वाटते की कोकणची, याबद्दल त्याचे ठाम मत असते.

मग हा माणूस पळतो कशापासून? याचे एक ठरलेले उत्तर असे की, कचेरीतले काम कधी संपत नाही आणि इथले संपलेले डोळ्यांनी दिसते. उत्तर सोयीचे आहे, पण खोटे आहे. या छंदात काही संपत नाही. कॅलिफोर्नियातल्या माँटरे इथे जॉन अ‍ॅलन यांनी घरात उभारलेली डोंगरदऱ्यांची रेल्वे या पंथात आदर्श मानली जाते. १९७३ साली ते वारले तेव्हाही ती पुरी झालेली नव्हती, आणि त्यांच्या मागोमाग काही दिवसांत ती आगीत गेली. दुसरे उत्तर, की इथे त्याला हुकूम चालवता येतो, तेही टिकत नाही. वर पाहिलेच की सेशनच्या दिवशी तो दुसऱ्याचे हुकूम मुकाट्याने झेलतो. मला दिसणारे कारण वेगळे आहे. या माणसाने कामाला कात्री लावलेली नाही, परिणामांना लावली आहे. मेहनत एकास एक, जोखीम एकास सत्त्याऐंशी. सांधा चुकीचा पडला, दोन गाड्या समोरासमोर आल्या, पुलावरून सात वाघिणी दरीत गेल्या, तर चौकशी समिती बसत नाही; तो हात घालतो आणि उचलून परत रुळावर ठेवतो. इंजिनांचे वर्ग चाकांच्या संख्येवरून पाडतात, त्या चालीवर हे लोक पाच बोटांच्या या हाताला '०-५-०' इंजिन म्हणतात. पृथ्वीच्या पाठीवर सगळ्यांत जास्त अपघात हेच इंजिन निस्तरत असेल. कचेरीत एका चुकीच्या शेऱ्यावरून खुलासा, खुलाशावरून मेमो आणि मेमोवरून बढती अडते. तिथे चूक उचलून परत रुळावर ठेवता येत नाही.

माझा हा सिद्धान्त वॉल्ट डिस्ने यांनी नकळत तपासून दिला आहे. १९५० साली त्यांनी लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घराच्या आवारात बसून फिरता येईल अशी वाफेची रेल्वे घातली. प्रमाण एकास आठ. इंजिनाला पत्नीच्या नावावरून 'लिली बेल' म्हटले. १९५३ साली ते इंजिन घसरले, वाफेने एका लहान मुलीला भाजले आणि डिस्ने यांनी रेल्वे बंद करून टाकली. एकास आठला परिणाम पुन्हा आपल्या आकारात यायला लागतात. तळघरातला गृहस्थ सत्त्याऐंशीवर अडून बसतो तो केवळ जागेच्या टंचाईमुळे नव्हे.

हे सगळे पोरकट आहे, हा आक्षेप मराठी माणसाने तरी घेऊ नये. दिवाळीत अंगणात विटा-मातीचा किल्ला उठतो तेव्हा पहिल्या दिवशी पोरे चिखल कालवतात. दुसऱ्या दिवशी पोरे बाजूला उभी असतात आणि बाप अळीव कुठे पेरायचे यावरून शेजारच्या बापाशी वाद घालत असतो. रेल्वेवाल्याचा किल्ला बारमाही, एवढाच फरक. कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे मुलांना घेऊन आलेल्या पालकांत कोण कोणाला घेऊन आले आहे ते नीट पाहावे. आणि पोरकटपणाच मोजायचा तर गायक रॉड स्टुअर्ट आहेत. २०१९ साली त्यांनी तेवीस वर्षे खपून केलेले एक अख्खे अमेरिकी शहर, रेल्वेसकट, एका इंग्रजी रेल्वे मासिकात दाखवले. दौऱ्यावर असताना ते हॉटेलात एक जादा खोली घेत, तीतले पलंग काढायला लावत आणि तिथे इमारती रंगवत. हे सगळे दुसऱ्या कोणी करून दिले असेल अशी शंका रेडिओवर निघाली, तेव्हा या माणसाने स्वतः त्या कार्यक्रमात फोन करून सांगितले की नव्वद टक्के काम माझे आहे, फक्त विजेचे काम जमत नाही. गाण्याबद्दल कोणी काहीही लिहिले तरी चालते. पण गच्चीवरच्या टाक्या कोणी रंगवल्या याबद्दल गैरसमज राहता कामा नये.

घरच्यांचा आक्षेप जास्त वजनाचा. डिस्ने यांनी तो कायद्याने सोडवला: रूळ टाकण्यापूर्वी वकिलाकडून जागेच्या वहिवाटीचा करारनामा करून घेतला आणि त्यावर पत्नी लिलियन यांच्या आणि मुलींच्या सह्या घेतल्या. तरीही लिलियनबाईंच्या फुलांच्या ताटव्याखालून नव्वद फूट बोगदा खणावा लागलाच. पीटर डेनी या इंग्रज पाद्रीबुवांची तऱ्हा आणखी पुढची. त्यांच्या बकिंगहॅम रेल्वेवर मुलगा क्रिस्पिन हाताखाली काम करायचा. मुलाच्या जागी काम करायला बुवांनी एक यंत्र बनवले आणि त्याचे नाव ठेवले 'ऑटोमॅटिक क्रिस्पिन'. मुलगा घर सोडून गेल्यावर आपल्याकडे लोक त्याचा फोटो भिंतीवर लावतात. तरी एक गोष्ट कबूल करावी लागते: नवरा कुठे आहे, या प्रश्नाला रेल्वेवाल्याच्या बायकोकडे नेहमी खात्रीचे उत्तर असते. पैशाचा आक्षेप मी सोडून देतो. त्याला तिच्याकडेही उत्तर नाही, कारण इंजिनाची खरी किंमत तिला कोणी सांगितलेली नसते.

राहतो तो खरा आक्षेप, आणि तो शेजारच्या टेबलावरून येतो. परिणाम सत्त्याऐंशी पट लहान झाले ते याच्यापुरते. त्याची फाइल पुऱ्या आकारात सहकाऱ्याकडे सरकते, आणि खिडकीपुढे रांगेत उभ्या म्हाताऱ्यालाही कोणी लहान केलेले नसते. यावर रेल्वेवाले मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा दाखला देतात. चाळिशीच्या दशकात तिथे विद्यार्थ्यांचे रेल्वेमंडळ निघाले. टेबलाच्या वर गावे आणि झाडे. खाली जुन्या टेलिफोन यंत्रणेच्या रिलेंचे आणि तारांचे जंगल. त्या जंगलात रमलेली मुले तास बुडवून, परीक्षांचे काय व्हायचे ते होवो म्हणत, रात्री-रात्री संगणकावर जाऊन बसू लागली. १९६२ साली 'स्पेसवॉर' हा संगणकावरच्या सुरुवातीच्या खेळांपैकी एक खेळ निघाला तो याच कंपूच्या वर्तुळात. दाखला खरा, वकिली लंगडी. ती पोरे नापास झाली तर स्वतः होत होती. त्यांच्या दांडीने कोणाचे पेन्शन अडत नव्हते. आणि एका 'स्पेसवॉर'मागे किती हजार दांड्यांतून नुसती एक मालधक्क्याची शेड आणि तीत लुकलुकणारा दिवा निघाला असेल, याचा हिशेब कोणी मांडत नाही. तेव्हा सहकाऱ्याचे देणे आहे, ते फिटत नाही. रेल्वेवाल्याच्या बाजूने मी एवढेच म्हणेन की त्याची गैरहजेरी रजिस्टरात लागते. हजेरी लावून, खुर्चीच्या पाठीला पिशवी अडकवून जो चहाला जातो तो दिवसभर कामावर असल्याचे दिसते. दोघांपैकी कोणाची फाइल आपल्याकडे सरकली हे सहकाऱ्याला लवकर कळते, ते उघड आहे.

इतके असेल तर निवृत्त होईपर्यंत थांबावे, असे सुचवणारे असतात. तो थांबूनही पाहतो. साठीला आल्यावर आता दिवसाचे चोवीस तास आपले, जलद घड्याळ लावले तर एकशे चव्वेचाळीस, असा त्याचा हिशेब असतो. पण निवृत्त माणूस मोकळा आहे हे त्याच्या रेल्वे क्लबालाही कळते आणि पहिल्याच वार्षिक सभेत त्याला एकमताने खजिनदार करतात. आता वर्गणीच्या पावत्या आहेत, जागेच्या भाड्याचे पत्र आहे, ताळेबंद मार्चअखेर द्यायचा आहे आणि अध्यक्षांचे फोन येत आहेत. तो ते घेत नाही. घाटाच्या चढावर गाडीला मागून ढकलणारे बँकर इंजिन लावायचा सिग्नल अजून जोडायचा राहिला आहे, आणि क्लबाच्या हिशेबासारख्या कामासाठी रेल्वे खोळंबून ठेवणे त्याच्या तत्त्वात बसत नाही.