ब्रूनोचे बाबा

कोथरूडच्या कुठल्याही सोसायटीत सकाळी साडेसहाला खाली उतरलात, तर नावं नसलेली बरीच माणसं भेटतील. सिंबाची आई, कोकोचे आजोबा, टायसनची ताई. या लोकांना आडनावं असतात, दारावर पाट्याही असतात, पण त्या कुरिअरवाल्यासाठी. आमच्या बी विंगमधले ब्रूनोचे बाबा याच जमातीतले, आणि माझ्या मते तिचे कुलपुरुष.

गृहस्थ सरकारी बँकेतून निवृत्त झाले. बँकेत त्यांच्या टेबलावरून अर्धवट भरलेला फॉर्म कधी पुढे सरकला नाही आणि घरात पानात टाकून कुणी कधी उठलं नाही. मुलगा लहानपणी दोडक्याच्या भाजीवर रुसला, तेव्हा तीच भाजी रात्री आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पानात आली होती. हे काकू अजूनही आवाज खाली करून सांगतात. पुढे याच मुलानं हिंजवडीत नोकरी लागल्यावर लॅब्रॅडॉरचं पिल्लू घरी आणलं. ‘‘या घरात एक तर ते राहील, नाहीतर मी,’’ असं बाबांनी जाहीर केलं. वर्षभरात मुलगा बायकोला घेऊन बंगळुरूला गेला. पिल्लू राहिलं, बाबाही राहिले. मुलानं दोडक्याचा सूड उगवला, असं काकूंचं मत आहे.

तर हा ब्रूनो जेवत नाही. म्हणजे जेवतो, पण सहज नाही. लॅब्रॅडॉर ही जात तशी खाण्याच्या बाबतीत बदनाम. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना तर त्यांच्या अधाशीपणामागचं एक कारण जनुकातच सापडलं. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लॅब्रॅडॉरांत ‘पीओएमसी’ नावाच्या जनुकाचा एक तुकडा गायब असतो आणि अशी कुत्री अन्नामागे जास्त धावतात. बाबांना हे सगळं तोंडपाठ आहे. सांगून झालं की ते किंचित मान उंचावून म्हणतात, ‘‘आमचा त्यातला नाही. चोखंदळ आहे.’’ स्वतःच्या मुलाला ज्या गुणासाठी उपाशी झोपवायची तयारी होती, तोच गुण चार पायांवर आल्यावर खानदानी ठरला.

संध्याकाळी साडेसातचा सोहळा एकदा तरी पाहण्यासारखा असतो. बाबा भात, उकडलेला भोपळा आणि चिकन हातानं कालवतात. बोटानं गरम-गार बघतात, कारण कोमट अन्नाचा वास जास्त सुटतो आणि कुत्रं आधी नाकानं जेवतं. हे शास्त्रशुद्ध आहे. माणसाच्या जिभेवर सुमारे ९००० रुचिकलिका, कुत्र्याच्या जेमतेम १७००. नाकात मात्र वास टिपणाऱ्या पेशी तीस कोटींपर्यंत. ‘‘चव कळत नाही त्याचे हे नखरे,’’ काकू स्वयंपाकघरातून म्हणतात, ‘‘कळत असती तर काय केलं असतं?’’ ब्रूनो वाडगं हुंगतो, बाबांकडे बघतो, पुन्हा हुंगतो आणि तोंड भिंतीकडे करून बसतो. मग बाबा जमिनीवर मांडी घालतात. गुडघ्यांमुळे ते सत्यनारायणालासुद्धा खुर्ची मागतात, हे इथं सांगायला हवं. पहिला घास चिऊचा होतो, दुसरा काऊचा. तिसऱ्या घासाला ब्रूनो उपकार केल्यासारखी जीभ बाहेर काढतो आणि त्यातलं चिकन तेवढं उचलतो. भात इतका स्वच्छ राहतो की कुणी निवडून ठेवलाय असं वाटावं.

चिकन. या घरात, जिथं कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात वर्ज्य! सुरुवात अंड्यानं झाली. अंड्याचं पातेलं वेगळं, शेगडी वेगळी आणि जागा बाल्कनीत, तुळशीपासून जितकी लांब जाता येईल तितकी. मग एक दिवस बाबा तोंडाला मास्क लावून चिकनच्या दुकानात उभे दिसले. करोना ओसरून बराच काळ झाला होता. आता तर ते चिकनवाल्याला सूचना देतात. बिनहाडाचंच हवं, कारण शिजलेल्या हाडाच्या चिरफळ्या होतात आणि आतडं फाडतात. कांदा-लसूण आता या घरात बाराही महिने मागच्या फळीवर गेलाय, कारण तो कुत्र्याला विषारी. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे बाबा एकेक करून वेचून काढतात, कारण द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड बंद पडू शकतं. चातुर्मासानं जे जमलं नाही ते ब्रूनोनं करून दाखवलं.

डॉक्टरांकडे नेऊन आणलंच होतं. त्यांनी दात बघितले, पोट दाबून बघितलं, रक्त तपासलं आणि ब्रूनोला वजनकाट्यावर चढवलं. काटा बघून ते म्हणाले, ‘‘याला काहीही झालेलं नाही. वाडगं पंधरा-वीस मिनिटं ठेवा. नाही खाल्लं तर उचला, पुढच्या वेळेपर्यंत मध्ये काही नाही. दोन दिवसांत सरळ होईल. एरवी खाणारा कुत्रा अचानक पूर्ण बंद झाला, सुस्त पडला, उलट्या झाल्या, तर मात्र लगेच आणा.’’ बाबा परत आले ते नाराज होऊन. रोग नाही असं सांगणाऱ्या डॉक्टरवर आपल्याकडे कोण विश्वास ठेवतो? शिवाय ‘दुसरीकडे काही खातो का’ असं विचारलं, म्हणून अपमानही झाला होता. वॉचमनच्या केबिनमधली सकाळची भाकरी, दूधवाल्याचं पार्ले-जी, शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या पोरांचे डबे, हे सगळं सोसायटीला माहीत आहे. बाबांना सांगायची हिंमत कुणात नाही.

औषधाचा प्रसंग आला की जेवणाचा सोहळा त्यापुढे पोरखेळ वाटतो. रशियातल्या पावलोव्हला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनाच्या अभ्यासासाठी, आणि त्याच कामात कुत्री अन्न तोंडात पडायच्या आधीच लाळ गाळतात हे त्याच्या लक्षात आलं होतं. ब्रूनो यातला पुढच्या इयत्तेतला. फ्रीजचं दार, पनीरची पिशवी आणि गोळ्यांची पट्टी या तिन्हींचे आवाज तो झोपेतही वेगळे ओळखतो. पट्टी ‘कट्‌’ झाली की तो दिवाणाखाली. त्यामुळे बाबा जंताची गोळी आदल्या रात्री न्हाणीघरात, नळ सोडून फोडतात. एकदा काकूंनी बाहेरून विचारलं, ‘‘अहो, बरं वाटत नाहीये का?’’ आतून उत्तर आलं, ‘‘हळू बोल!’’

मागच्या पावसाळ्यात गोचीडताप झाला, तेव्हा कसोटी लागली. रोज डॉक्सिसायक्लिन. ब्रूनो पहिल्या दिवशी पेढा खाऊन गोळी बाहेर ठेवून गेला, तीही चाटून पांढरीस्वच्छ. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला की ही गोळी दूध, दही, पनीर यातून देऊ नका, कॅल्शियममुळे औषध नीट लागू पडत नाही. पेढा बाद, पनीर बाद. शेजारच्यांनी सुचवलं, ताप आहे तर क्रोसिन द्या की. त्यावर बाबा असे कडाडले की बँकेतले जुने दिवस आठवावेत. पॅरासिटामॉल कुत्र्याला घातक असतं आणि इथं ते शंभर टक्के बरोबर होते. मग तीन घासांची युक्ती झाली. पहिला घास साधा, दुसऱ्यात गोळी, तिसरा लगेच नाकासमोर, म्हणजे दुसरा घाईत गिळला जातो. युक्ती उत्तम आहे, बहुतेक कुत्र्यांना लागू पडते. ब्रूनोनं पहिला खाल्ला, तिसरा खाल्ला आणि दुसरा बाबांच्या पायावर ठेवला.

काकूंनी चादर आणली, बाबांनी स्वेटर घातला (चावला तर म्हणून, ब्रूनो आजवर कुणाला चावलेला नाही) आणि दोघं दिवाणाच्या दोन बाजूंना ओणवे होऊन ‘‘ये रे माझ्या राजा’’ करत असताना भांडीवाल्या मावशी आल्या. मीही तिथंच होतो, पेपर परत द्यायला गेलेला.

‘‘काय चाललंय?’’

‘‘गोळी द्यायचीय.’’

‘‘व्हा बाजूला, काका.’’

मावशींनी दिवाणाखाली हात घालून ब्रूनोला पट्ट्याला धरून काढलं. डाव्या हातानं वरचा जबडा धरला, अंगठा सुळ्याच्या मागे. तोंड वर, उजव्या हातानं गोळी जिभेच्या पार मुळाशी, जबडा मिटला, नाकपुडीवर हलकी फुंकर, गळ्यावरून दोनदा हात. ब्रूनोनं नाक चाटलं, म्हणजे गेली. मग गोळी घशात अडकू नये म्हणून अंड्याचा एक तुकडा. ‘‘गावाकडं बैलाला नळकांड्यानं औषध पाजलंय,’’ मावशी पदराला हात पुसत म्हणाल्या, ‘‘ह्यो तर केवढासा. भांडी कुठंयत?’’ ब्रूनो शेपटी हलवत त्यांच्यामागे मोरीपर्यंत गेला.

‘‘जोरजबरदस्ती आपल्याला पटत नाही,’’ बाबा मला म्हणाले. पण तेव्हापासून जंताच्या गोळीची तारीख मावशींच्या सुट्या बघून ठरते.

दिवाळीत मुलगा, सून आणि चार वर्षांचा नातू आले. नातू जेवायला कुरकुर करतो, सून ताट घेऊन घरभर मागे फिरते, हे बाबांनी एक दिवस पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी बोलले. ‘‘असं मागे लागायचं नसतं. ताट पंधरा मिनिटं ठेवायचं. नाही खाल्लं तर उचलायचं. मध्ये काही द्यायचं नाही. दोन दिवसांत सरळ होतो.’’ मुलानं वडिलांकडे बघितलं, मग ब्रूनोकडे, आणि काहीच बोलला नाही.

संध्याकाळी सात वाजता वरण-भात-तूप वाढून नातवाला बाल्कनीत बसवलं. दार लोटलं. बाबा हातात घड्याळ घेऊन बसले. पंधरा मिनिटांनी दार उघडलं तर ताट लखलखीत. शीत नाही. नातू ताटाशेजारी गाडी खेळत होता आणि ब्रूनो मिशा चाटत होता. ‘‘बघितलंस?’’ बाबा सुनेला म्हणाले. ‘‘शिस्त!’’

साडेसातला ब्रूनोचं पान मांडलं. त्यानं हुंगलंसुद्धा नाही. चिऊचा घास झाला, काऊचा झाला, चिकन वर काढून ठेवून झालं. साडेआठला बाबांनी डॉक्टरांना फोन लावला.

‘‘सकाळपासून काय काय खाल्लंय?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘काही म्हणजे काही नाही हो,’’ बाबा म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता.