लिंकवाले सर

प्रत्येक स्टाफरूममध्ये एक लिंकवाले सर असतात. मुळशी तालुक्यात हे वाण जरा जास्तच चिवट, कारण पौड सोडून ताम्हिणीच्या दिशेने निघालं की दर वळणाला रेंज एकेक कांडीने उतरते आणि आषाढात तर लाईटसुद्धा पावसाला विचारून येते. अशा मुलखात सगळा अभ्यास ट्विटरवर टाकायचा, याला एक वेगळीच छाती लागते. सरांकडे ती आहे.

खडू-फळ्याशी त्यांचं वैर नाही. पण वर्गात सांगितलेलं जोवर ‘शेअर’ होत नाही, तोवर ते शिकवलं गेलं असं त्यांना वाटतच नाही. भातलावणीचे फोटो, बेडकांच्या ओरडण्याचं रेकॉर्डिंग, इंद्रायणी आणि आंबेमोहोर शेजारी शेजारी ठेवून काढलेला व्हिडिओ, सगळं वर. क्यूआर कोडवाल्या डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा अख्ख्या स्टाफरूमने पेढे खाल्ले. सरांनीही खाल्ला, फक्त खाताना, “क्यूआर कोड काय, आपण पोस्टरसपासून हेच करतोय,” एवढं म्हणाले.

पोस्टरस कुणाला आठवणार? ईमेल पाठवला की फोटो-ऑडिओ आपोआप पानावर चढायचा. सरांनी तिथे भूगोलाचा अख्खा संसार मांडला. २०१२ मध्ये ट्विटरने ती कंपनी विकत घेतली आणि एप्रिल २०१३ अखेर दुकान बंद केलं. मग सर टम्बलरवर गेले. तिथे त्यांनी रानफुलं लावली, पण एका चिरंजीवाने कारवीच्या फुलावरून बोट जरा जास्त खाली सरकवलं आणि त्याला जे दिसलं त्यावर मुख्याध्यापकांनी दार लावून घेऊन सरांशी चर्चा केली. टम्बलरने तसला मजकूर २०१८ च्या डिसेंबरात बंद केला. सर तेव्हा केव्हाच ट्विटरवर स्थायिक झाले होते.

ट्विटरने सरांचं मराठी बदललं. तिथे १४० खुणांची मर्यादा, आणि आपल्या लिपीत काना, मात्रा, हलन्त प्रत्येकाचं वेगळं भाडं. ‘विद्यार्थ्यांनो’ एवढं म्हणण्यातच पंधरा खर्च. म्हणून सर ‘मुलांनो’वर उतरले, तिथून ‘पोरहो’वर. जोडाक्षर दिसलं की ते किराणा दुकानात भाव ऐकल्यासारखे मागे सरत. २०१७ मध्ये मर्यादा दुप्पट झाली, तरी सवय गेली नाही. वर्गातसुद्धा सर अजून तुटक बोलतात.

खरी कमाल झाली ती मुळशी सत्याग्रहाच्या फिल्मची. विषय घरचा. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट मावळ्यांसोबत उभे राहिले, तो लढा. सरांनी पुतण्याच्या मोबाईलवर झकास फिल्म केली: बुडीत गावांची नावं, धरणाची भिंत, वयस्कर मंडळींच्या आठवणी. पण ट्विटरवर व्हिडिओ १४० सेकंदांचाच. सरांनी फिल्मचे तुकडे केले आणि ओळीने टाकले. आता तिथे नवं ते वर, जुनं ते खाली! पोरांनी वरून खाली पाहिलं. सहामाहीच्या पेपरात अर्ध्या वर्गाने लिहिलं की प्रथम गावं बुडाली, त्यामुळे चिडून लोकांनी सत्याग्रह केला आणि शेवटी टाटांनी धरण बांधायचं ठरवलं. सरांनी सगळ्यांना अर्धे मार्क दिले. घटना सगळ्या बरोबर होत्या म्हणे.

“पोरं बघतात तरी का हो?” असं विचारलं की सर फोन पुढे करतात. हार्ट आलेलं असतं. नीट पाहिलं तर ते पोराचं नसून बापाचं. कारण घरात फोन एकच, आणि तो वडलांबरोबर पिरंगुटच्या कंपनीत सेकंड शिफ्टला. रात्री अकराला सुटल्यावर बसची वाट बघताना बाप सरांचा अभ्यास उघडतो. पोरगं झोपलेलं. बापाचा भूगोल मात्र झपाट्याने सुधारतोय.

मध्यंतरी सर स्वदेशीच्या ओढीने ‘कू’वर गेले. पिवळा पक्षी, मराठीत बोलणारा. २०२४ च्या जुलैत तोही उडाला. सरांनी जिथे जिथे घर केलं तिथे टाळं लागतं, असं आमचे पीटीचे सर म्हणतात आणि त्यांनी आमच्या शाळेचं नाव काढलं की आम्ही विषय बदलतो.

परवा पालकसभा झाली. एरवी ‘मार्क का कमी’ एवढंच ऐकू येतं. त्या दिवशी कंपनीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ उठले.

“सर, तुमचा भिऱ्याचा व्हिडिओ बघितला. धरणाचं पाणी सह्याद्री उतरून खाली कोकणात जातंय, तिथं वीज होती, ती मुंबईला जाती. बरोबर?”

सरांचा चेहरा असा उजळला की ट्यूबलाईटची गरज राहिली नाही.

“मग आपल्याकडं काय येतं?”

“शनिवार-रविवारचं ट्रॅफिक,” मागून कुणीतरी म्हणालं. सभा हसली. सर हसले नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढला, वर धरला, खिडकीशी जाऊन पुन्हा वर धरला.

“चांगला प्रश्न आहे भाऊ. उत्तर जरा मोठं आहे. रेंज आली की लिंक टाकतो.”