दुपारी समुद्र रुंद होतो का?

आये,

पार्सल पोचलं. बोंबलांचा वास डब्यातून, पिशवीतून आणि खोक्यातूनही आला. पोस्टमनने खोका हात लांब करून दिला आणि पळाला. मसाला एक नंबर. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत लिहितेय.

आधी तुझा घोर. आम्ही आइल ऑफ वाइटला फिरायला गेलो होतो, बुडायला नाही. तुला जगातला प्रत्येक किनारा आक्साच वाटतो. पाण्यात पायसुद्धा घातला नाही. ऑगस्टातही पाणी बर्फाच्या पेटीतलं!

बुडालो ते पैशांत. लिमिंग्टनहून बेटावरच्या यार्मथला बोट चाळीस मिनिटांत जाते. गाडीसकट जाऊन-येऊन शंभर पौंडांच्या वर गेले. बाबांना रुपयांत सांगू नकोस, जेवायचे नाहीत. वेसाव्याच्या तरीत स्कूटर चढवून सुट्या दोन रुपयांसाठी भांडणारी मी, इथे मुकाट कार्ड पुढे केलं. शिवाय सकाळी एक दर, दुपारी दुसरा. दुपारी समुद्र रुंद होतो का? भरती-ओहोटीप्रमाणे दर बदलले असते तर कोळ्याच्या पोरीला पटलं असतं; इथे शाळेची सुट्टी बघून बदलतात.

वैनीने पडवी पुन्हा शूटिंगला दिली म्हणे? गेल्या वेळी भिंत जांभळी करून गेले ते विसरली वाटतं. पैसे आधी घे म्हणावं. आणि काकीचा गुडघा दुखतो तर ती बाजाराला चालत कशाला जाते?

हां, फिरणं. टेनिसन डाउन म्हणून 147 मीटर उंच टेकाड आहे, खाली खडूचा पांढराशुभ्र कडा. ज्याचं नाव त्याला दिलंय तो कवी टेनिसन तिथे रोज फिरायचा आणि इथली हवा पाइंटाला सहा पेन्सच्या मोलाची आहे म्हणायचा. म्हणजे भाव लावायची खोड जुनीच. तिथून चालत ‘नीडल्स’पर्यंत गेलो. समुद्रात तीन पांढरे सुळके उभे आहेत. खरा सुईसारखा होता तो चौथा, 1764 मध्येच कोसळला. सुई गेली, नाव राहिलं. तुझा जावई हसत सुटला. म्हटलं, आमच्या मढलाही ‘आयलंड’ म्हणतात आणि मालाडहून 271 नंबरची बस थेट येते, तेव्हा नाही हसलास!

खाली अलम बेला कड्यातच रंगीत वाळू आहे. पण खरवडायची नाही, दुकानात पैसे देऊन बाटलीत भरायची. आमच्या चिऊने भरली. एरंगळची वाळू माझ्या खिशातून घरभर सांडायची तेव्हा तू केरसुणी घेऊन मागे लागायचीस. आता ती बाटली मी टीव्हीवर मांडलीय.

एक सांगू? एवढा समुद्र, पण जाळं ओढणारं एक माणूस दिसलं नाही. वाटेत वीसजण भेटले, सगळे ‘हॅलो’ म्हणून पुढे. आपल्याकडे बंदरावरून एरंगळच्या चर्चपर्यंत जाताना पाचजणी तरी अडवून विचारतात, कुणाची गं तू, कधी आलीस, बारीक का झालीस. तेव्हा वैताग यायचा. त्या कड्यावर मी उगाच एका म्हातारीजवळ रेंगाळले. तिने कुत्र्याचं नाव सांगितलं, माझं नाही विचारलं.

पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली, होड्या गेल्या का? की दादा नारळी पौर्णिमेशिवाय हलत नाही अजून? जानेवारीत एरंगळच्या जत्रेला येतो, तिकिटं बघतेय. बाबांना तोवर

थांब. बोंबील तव्यावर टाकले होते, धुराची घंटा वाजतेय. टॉवेल घेऊन पळते.

तुझी,
बायो