अर्धप्रसिद्धांशी कसं वागावं?

२०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणले, आणि तेव्हापासून डी-मार्टच्या रांगेत आपल्यापुढे कांदे घेऊन उभा असलेला इसम ४० हजार लोकांचा लाडका निघू शकतो. अशा वेळी काही पथ्यं पाळावीत.

'तुम्ही ते हे ना?' असं विचारून थांबू नये. तो बिचारा लाजत 'हो' म्हणतो आणि 'हे' म्हणजे कोण, ते शेवटपर्यंत कळत नाही. 'आमची आई तुमचं सगळं बघते' हेही टाळावं. आपण बघत नाही, हे त्यात आलंच. यूट्यूबचं चंदेरी बटण १ लाख सबस्क्रायबर झाल्यावर मिळतं. ते मिळालं का, ही चौकशी पगार विचारण्याइतकीच नाजूक. 'यातून पैसे सुटतात का हो?' हा प्रश्न लग्नातल्या काकांसाठी राखीव आहे, त्यांच्या हक्कावर गदा आणू नये. आणि मिसळीचा रस्सा मनगटावरून कोपराकडे निघालेला असताना सेल्फी मागू नये.

मात्र सगळ्यात मोठा अपराध म्हणजे ओळख न दाखवणं. गॉगल, टोपी आणि मास्क लावून जो संध्याकाळी सात वाजता फर्ग्युसन रस्त्यावर तिसरी फेरी मारतोय, त्याला एकांत हवाय असं चुकूनही समजू नये. खुशाल गाठावं, फोटो मागावा. 'आत्ता नको, प्लीज' म्हणाला, तर आणखी एकदा आग्रह करावा. केस तोवर नीट करून झालेले असतात.