बालाघाटातले त्रिकोणी डोंगर

मराठवाड्यातल्या वाशीत कुठल्याही शाळेत मुलांना निसर्गचित्र काढायला सांगावं. अर्ध्या तासात वर्गभर दोन त्रिकोणी डोंगर उभे राहतात, त्यांच्या खाचेतून अर्धा सूर्य डोकावतो, सूर्याच्या बुडातून नदी निघते, नदीकाठी कौलारू झोपडी आणि आभाळात बरोबरच्या खुणा, म्हणजे पक्षी. आता वाशीच्या आसपास डोंगर आहेत, नाही असं नाही. पण ते बालाघाटाचे, सपाट माथ्याचे. इथे त्रिकोणी डोंगर औषधालाही मिळायचा नाही. घरं पाहावीत तर माळवदाची, नाहीतर पत्र्याची, नाहीतर स्लॅबची. नदी म्हणाल तर तेरणा याच तालुक्यात, तेरखेड्याजवळ उगम पावते. पण उगमापाशी नदीचा थाट तो किती असणार? तरीही चित्रात ती दुथडी भरून वाहते. पुढे शाळेची सहल कोकणात गेली, की मुलांना सुळके आणि कौलं प्रत्यक्ष भेटतात आणि आपलंच चित्र बरोबर होतं अशी त्यांची खात्री पटते.

हे चित्र आलं कुठून, याचं उत्तर सोपं आहे : शेजारच्या कागदावरून. म्हणून कलाशिक्षणाची कळकळ असलेली मंडळी लगेच फर्मान काढतात की कुणाचं पाहू नका, मनातलं काढा. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. मुलं शेजाऱ्याचं पाहतात हा दोष नाही. ती फार थोडं पाहतात आणि सगळी एकाच शेजाऱ्याचं पाहतात, हा दोष आहे. मनातलं काढा म्हणावं तर बारा वर्षांच्या मनात तरी काय असणार? तेच दोन डोंगर. स्मरणचित्राच्या पेपरात विषय बाजाराचा असो की जत्रेचा, कोपऱ्यात फुगेवाला हजर असतोच. वाशीच्या बाजारात कडब्याच्या पेंढ्या असतात, मिरच्यांचे ढीग असतात, उन्हाला टेकवलेल्या छत्र्या असतात. पण त्या कधी कुणाच्या कागदावर आलेल्या नाहीत, म्हणून त्या कुणाच्या स्मरणातही नाहीत.

यावर उपाय तेरला आहे. तेरणेला तो उगमापासून ठाऊक असावा, कारण ती तिकडेच जाते. सातवाहनांच्या काळातलं तगर ते हेच. रामलिंगप्पा लामतुरे यांनी हयातभर जमवलेल्या वस्तूंतून तिथलं सरकारी संग्रहालय उभं राहिलं. तिथल्या केओलिन मातीच्या मूर्ती नीट पाहाव्यात. त्यांतल्या कितीतरी साच्यातून काढलेल्या आहेत, पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्यात, मग दोन्ही जोडायच्या. म्हणजे ज्यांच्यापुढे आपण हात जोडून उभे राहतो त्या कलावंतांचा कारखाना राजरोस नकलेवर चालत होता. तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीकडे पाहून अभ्यासकांना पॉम्पेईच्या राखेतून 1938 साली निघालेली भारतीय हस्तिदंती मूर्ती आठवते. त्या काळी कोण कुणाच्या कामात डोकावत होतं याची चौकशी आता कुणी करायची?

कुणी म्हणेल, अशानं सगळे एकाच छापाचे होतील. त्यांनी हे पाहावं : मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली 1872 पासून तेरा वर्षं अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होते. त्या नकला लंडनला गेल्या आणि 1885 च्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांच्या नकला 1866 मध्ये लंडनमध्येच जळाल्या होत्या, तेव्हा अजिंठ्यापेक्षा लंडनचीच काळजी वाटावी अशी परिस्थिती. पण नकला जळल्या तरी शिकलेले हात शाबूत राहिले : त्या चमूतले पेस्तनजी बोमनजी पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावाजले. आणि 1947 च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे एकमेकांचं काम पाहत, त्यावर वाद घालत बसले, तरी हुसेनचा घोडा रझाच्या बिंदूत कधी शिरला नाही.

दुसरा आक्षेप असा, की संग्रहालय ठीक, पण वर्गमित्राच्या चित्रातून काय मिळणार? मला वाटतं, संग्रहालयापेक्षा थोडं जास्तच. संग्रहालयात मूर्ती तयार होऊन बसलेली असते. ती घडवताना किती बिघडल्या हे कपाट सांगत नाही. वस्तुचित्राच्या तासाला मात्र टेबलावर एकच तांब्या असतो आणि भोवती तीस तांबे. एकानं तोंड लंबगोल काढून बूड पट्टीनं सरळ आखलेलं असतं, म्हणजे तांब्याचं तोंड वरून पाहिलेलं आणि बूड समोरून. दुसरीनं बुडालाही बाक दिला, तर तिचा तांब्या टेबलावर बसला. खिडकीकडच्याची सावली तांब्याच्या मागे पडते, भिंतीकडच्याची पुढे, आणि दोघंही खरे. खोडरबरानं काळवंडलेला कागद शेजारी पाहिला, की पहिलीच रेघ चुकायची असते हे न सांगता कळतं. तेरच्या मूर्तीपुढे हे कळायला फार धीर लागतो.

राहता राहिले पालक. या पाहण्याचा दहावीला उपयोग काय, असं ते विचारणारच. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेतल्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात हे त्यांना पाठ असतं. त्या गुणांच्या नावाखाली पोरांना एक दिवस तेरला धाडता येईल. तिथे प्रत्येकानं एकाच मूर्तीचं रेखाटन करावं, आणि परतीच्या बसमध्ये सगळ्यांनी सगळ्यांच्या वह्यांत बिनधास्त डोकवावं. एसटीत पर्यवेक्षक नसतो. कंडक्टरला फक्त तिकिटाशी मतलब.